एकशे नव्व्याण्णवावा भिडू

दोस्तांनो, भिडू वाटून घेताना तुम्ही कधी अगदी शेवटपर्यंत उभे राहिला आहात? दोन कॅप्टन समोरासमोर. एक म्हणतो, ‘मला हा.’ दुसरा म्हणतो, ‘मग मला तो.’ चांगले चांगले भिडू इकडे तिकडे जातात, रांग लहान लहान होत जाते आणि आपण चपलेच्या टोकानं माती उकरत उभे! शेवटी कुणीतरी उपकार केल्यासारखं म्हणतं, ‘बरं, ह्याला पण घे तुझ्याकडे.’

मी सांगलीला असताना कितीतरी संध्याकाळी असा उभा राहिलोय. लिंबूटिंबू म्हणूनही खेळलोय. त्यामुळे आज जे सांगणार आहे, ते माझ्या अगदी जिव्हाळ्याचं आहे. गोष्ट मात्र सांगलीची नाही, अमेरिकेची आहे.

अमेरिकेत भिडू वाटून घेण्याचा हा खेळ दरवर्षी फार मोठ्या थाटात चालतो. त्याला म्हणतात ड्राफ्ट. तिथलं फुटबॉल म्हणजे आपलं पायानं खेळायचं फुटबॉल नव्हे हं! चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. एका वेळी अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. ज्याच्या हातातून हा सगळा डाव चालतो तो क्वार्टरबॅक. चेंडू हातात आला की त्याला दोन-तीन सेकंद मिळतात. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी अंगावर धावून येत असतात आणि तेवढ्यात त्यानं कुणाकडे फेकायचं हे ठरवायचं!

ही मुलं आधी कॉलेजकडून खेळतात. मग व्यावसायिक संघ त्यांना निवडतात. आदल्या वर्षी जो संघ सगळ्यांत वाईट खेळला त्याची पहिली पाळी, विजेत्याची शेवटची. ही पद्धत १९३६ साली सुरू झाली. गंमत बघा, त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत आधी निवडला गेलेला जे बर्वँगर हा खेळाडू व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! म्हणजे निवडणाऱ्यांची फजिती पहिल्या नावापासूनच.

मी ऑगस्ट १९९७ मध्ये शिकायला मिशिगन विद्यापीठात गेलो. गावाचं नाव अ‍ॅन आर्बर. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण शनिवारी सामना असला की लाखाहून जास्त माणसं त्या एका स्टेडियममध्ये जमायची आणि सगळं गाव पिवळ्या-निळ्या रंगात न्हाऊन निघायचं. तेव्हा नाही कसं म्हणणार? आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहायचे. कोणे एके काळी ते शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवत. त्यांनी मला धडे दिले. पहिला धडा असा : ‘चेंडूकडे बघू नकोस. चेंडू सगळेच बघतात. चूक झाल्यावर पोरगा काय करतो ते बघ. आणि खेळायला मिळत नाही तेव्हा बाकावर बसून काय करतो, तेही बघ.’

त्या वर्षी मिशिगननं एकही सामना हरला नाही. १ जानेवारी १९९८ ला रोझ बोल नावाच्या मोठ्या सामन्यात त्यांच्यासमोर वॉशिंग्टन स्टेट होतं. त्यांचा क्वार्टरबॅक रायन लीफ. साडेसहा फुटांच्या आसपास उंच, हात असा की चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा जायचा. मिशिगन २१-१६ असं जिंकलं खरं, पण अगदी शेवटच्या क्षणी घड्याळानं साथ दिली म्हणून. मी टीव्हीसमोर बसून म्हटलं, ‘काय पोरगा आहे!’

चार महिन्यांनी ड्राफ्ट होता. पहिली पाळी इंडियानापोलिस कोल्ट्सची. नावं दोन : पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. लीफचा हात जास्त जोरकस, मॅनिंगची तयारी जास्त पक्की. जाणकारांत सरळ दोन तट पडले होते. आता ठरवायचं कसं?

इंडियानापोलिसला दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये निवडक मुलांना बोलावतात. तिथं अक्षरशः गुरांच्या बाजारासारखी तपासणी होते. उंची, वजन, तळहाताची लांबी. चाळीस यार्ड पळायला किती सेकंद लागतात. उभ्या जागेवरून किती उंच उडी मारतो. १०२ किलोचं वजन छातीवरून किती वेळा उचलतो. वंडरलिक नावाची एक लेखी परीक्षाही असायची, बारा मिनिटांत पन्नास प्रश्न! (ती २०२२ मध्ये बंद केली. ऐकून बरं वाटलं ना?) हे सगळं मोजता येतं. पण त्या मुलाला मनापासून काय हवंय, ते कुठल्या फुटपट्टीनं मोजणार? त्यासाठी मग मुलाखती घेतात. मिनिटं थोडी, आणि मुलं उत्तरं पाठ करून आलेली. शिवाय संघांची माणसं कॉलेजात जाऊन शिक्षकांना, व्यायामशाळेतल्या लोकांना विचारून येतात. पोरगा वेळेवर येतो का? कुणी बघत नसताना काय करतो?

नंतर असं सांगितलं गेलं, की मॅनिंग कोल्ट्सच्या भेटीला वही घेऊन आला आणि त्यानंच त्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. लीफ त्या भेटीला पोचलाच नाही. तो घोटाळा कसा झाला, याबद्दल वेगवेगळं सांगितलं जातं. कोल्ट्सनी मॅनिंगला घेतलं. दुसऱ्या पाळीला सॅन दिएगो चार्जर्सनी लीफला घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, मग मॅनिंग लगेच चमकला असेल. छे! पहिल्याच वर्षी त्यानं २८ वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला. नवख्या खेळाडूचा तो विक्रमच होता! संघानं १६ पैकी ३ सामने जिंकले. उलट लीफनं पहिले दोन्ही सामने जिंकले. तिसऱ्या सामन्यात मात्र त्यानं १५ वेळा चेंडू फेकला आणि एकदाच तो आपल्या माणसाकडे पोचला. तिथून जी घसरण लागली ती थांबलीच नाही. २००१ नंतर तो खेळला नाही. मॅनिंग पुढं पाच वेळा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

लीफचं नाव घेऊन ‘जिद्द नव्हती हो त्याला’ असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते म्हणवत नाही. पुढं वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनापायी तो २०१२ मध्ये तुरुंगात गेला. बाहेर आल्यावर व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांना मदत करू लागला. ज्याला जिद्दच नाही असा माणूस तिथून उठून उभा राहील का? त्याच्यात काय कमी होतं ते मला ठाऊक नाही. मुलाखतीतल्या चार मिनिटांत ते कुणाला कळलं असतं, असंही मला वाटत नाही.

बरं, आता एकशे नव्व्याण्णव नंबरच्या भिडूकडे वळू.

१९९८ मध्ये मिशिगनला नवा क्वार्टरबॅक आला. नवा म्हणजे कॉलेजात आधीपासून होताच, पण बाकावर. कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओचा हा मुलगा. आला तेव्हा क्वार्टरबॅकच्या रांगेत त्याचा नंबर होता सातवा! सहा जण पुढं. सरावात त्याच्या वाट्याला दोन-तीन चेंडू यायचे. कंटाळून त्यानं कॉलेज सोडायचा विचारही केला होता. तिथं ग्रेग हार्डन नावाचे एक समुपदेशक होते. त्यांनी त्याला काय सांगितलं असेल? किती चेंडू मिळतात ते मोजत बसू नकोस, जे दोन-तीन मिळतात ते अंतिम सामन्यातले समजून खेळ. त्यानं ते मनावर घेतलं. दोनाचे चार झाले, चाराचे दहा.

या मुलाचं नाव टॉम ब्रेडी.

पण आम्हांला हा मुलगा नको होता! आम्हांला म्हणजे मला, खालच्या आजोबांना आणि स्टेडियममधल्या निम्म्याअधिक लोकांना. कारण त्याच वर्षी ड्र्यू हेन्सन आला. हा मिशिगनच्याच ब्रायटन गावचा, उंचापुरा, देखणा, हात जोरकस. शिवाय बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यांकीजनी आधीच निवडून ठेवलेला. सप्टेंबरमध्ये सिराक्यूज विद्यापीठानं आमच्या घरच्या मैदानावर येऊन आम्हांला ३८-२८ असं हरवलं. त्या सामन्यात हेन्सन मैदानात उतरला तेव्हा केवढा जल्लोष झाला! त्या ओरडण्यात माझाही आवाज होता. ब्रेडी तिथंच बाजूला उभा होता. त्याला ते ऐकू येत असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या वर्षी तर कमालच झाली. प्रशिक्षक लॉइड कार यांनी ठरवलं, पहिला पाव सामना ब्रेडी खेळेल, दुसरा पाव हेन्सन, आणि मग ज्याचं बरं दिसेल तो पुढं. विचार करा, तुम्हांला प्रत्येक शनिवारी लाखभर लोकांसमोर अशी परीक्षा द्यायला लावली तर? आणि त्याच वर्षी ब्रेडी संघाच्या कप्तानांपैकी एक होता. मिशिगनमध्ये कप्तान खेळाडूच मतं देऊन ठरवतात. ज्यांच्याबरोबर तो रोज घाम गाळत होता, त्यांनी आपलं मत केव्हाच दिलं होतं. आम्ही वरच्या बाकांवर बसून आपले हेन्सन हेन्सन करत होतो!

खालचे आजोबाही. ज्यांनी मला ‘बाकावर बसून काय करतो ते बघ’ असं शिकवलं, तेच म्हणायचे, ‘ब्रेडी चांगला आहे रे, पण हेन्सनकडे देवानं दिलेलं आहे.’

काही आठवड्यांतच ती वाटणी बंद झाली आणि ब्रेडी पूर्ण सामने खेळू लागला. १ जानेवारी २००० ला ऑरेंज बोलमध्ये अलाबामासमोर मिशिगन दोनदा १४ गुणांनी मागं पडलं. ब्रेडीनं ३६९ यार्ड चेंडू फेकला आणि जादा वेळेत मिशिगन ३५-३४ असं जिंकलं.

तरीही इंडियानापोलिसच्या तपासणीत त्याचं काय झालं? चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद. चपळ खेळाडू तेच अंतर साडेचारच्या आत कापतात. जागेवरची उडी साडेचोवीस इंच. तिथला उघड्या अंगाचा त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे. खांदे पडलेले, पोट जरासं सुटलेलं. आपल्या तालमीतल्या वस्तादांनी तर आधी महिनाभर दूध-बदाम खायला सांगितलं असतं! निवडणाऱ्यांच्या टिपणांचा अर्थ साधारण असा : अंगानं किरकोळ, पळता येत नाही, लांबचा चेंडू जोरात जात नाही, धक्का लागला की पडतो. आणि यातलं काही खोटं होतं का? नव्हतं. घड्याळ खोटं बोलत नाही. ते फक्त पळण्याबद्दल बोलत होतं.

एप्रिल २००० चा ड्राफ्ट दोन दिवस चालला. ब्रेडी आईवडिलांच्या घरी टीव्हीसमोर बसला होता. एकेक क्वार्टरबॅक जात होता. सॅन फ्रान्सिस्को हा त्याचा लहानपणापासूनचा आवडता संघ. त्यांनीही ६५व्या क्रमांकावर दुसराच क्वार्टरबॅक घेतला. असे सहा जण त्याच्या आधी गेले. शेवटी त्याला घरात बसवेना. तो उठून बाहेर पडला आणि आईवडील त्याच्याबरोबर घराभोवती फेऱ्या मारत राहिले. कित्येक वर्षांनी, सगळं काही मिळवून झाल्यावर, ते सांगताना कॅमेऱ्यासमोर त्याचे डोळे भरून आले.

न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला सहाव्या फेरीत घेतलं, १९९ व्या क्रमांकावर. लोक म्हणतात, बघा, त्यांनी हिरा ओळखला. पण त्यांनीही त्याच्याआधी सहा खेळाडू घेतले होते बरं का! इतकाच हिरा दिसत होता तर सहा वेळा थांबले कशाला? त्याच्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत त्यांचे क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक डिक रीबाइन होते. त्यांनी मिशिगनला जाऊन त्याला पाहिलं होतं. पहिल्या वर्षी ब्रेडीनं सबंध हंगामात तीन चेंडू फेकले. २००१ च्या ऑगस्टमध्ये रीबाइन हृदयविकारानं गेले. वय अवघं ४५. पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, पेट्रियट्सचा मुख्य क्वार्टरबॅक ड्र्यू ब्लेडसो जबर जखमी झाला आणि ब्रेडी मैदानात उतरला. आपण सांगितलं ते खरं झालेलं बघायला रीबाइन राहिले नाहीत. या सगळ्या हकिगतीत मला सगळ्यांत जास्त चटका लावणारी गोष्ट ही आहे.

पुढचं तुम्हांला ठाऊक असेल. ब्रेडी सात वेळा सुपर बोल जिंकला, शेवटचा २०२१ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ४३व्या वर्षी. २०२३ मध्ये तो कायमचा निवृत्त झाला. आणि हेन्सन? तो बेसबॉल खेळायला गेला, तिथं जमलं नाही, फुटबॉलकडे परतला, तिथंही थोडेच सामने खेळला.

एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. ब्रेडीची गोष्ट ऐकून ‘मोजमापं गेली खड्ड्यात’ असं म्हणू नका. सहाव्या फेरीत दरवर्षी मुलं घेतली जातात आणि त्यांतल्या बहुतेकांची नावंसुद्धा कुणाला आठवत नाहीत. त्यांच्यातही जिद्दीची मुलं असणारच की! ज्याचं पुढं खरं झालं त्याचीच गोष्ट आपल्यापर्यंत येते. ब्रेडीआधी निवडलेल्या सहा जणांपैकी चॅड पेनिंग्टन, मार्क बल्जर हे पुढं पुष्कळ वर्षं चांगले खेळले. निवडणारे काही मूर्ख नव्हते.

आता माझी निवड सांगतो. ती सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

१९९९ चा उन्हाळा. आम्ही भारतीय मुलं शनिवारी रिकाम्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळायचो. टेनिस बॉलवर विजेची काळी टेप गुंडाळली की तो मस्त वळतो, हे तुम्हांला माहीत असेलच. शेजारच्या गावी विद्यार्थ्यांचे सामने ठरले आणि मला कॅप्टन केलं. चौदा जण होते, अकरा घ्यायचे होते. मी ठरवलं, वशिलेबाजी नको, सगळं मोजूनमापून करू. दोन मोटारींच्या मधलं अंतर पळायला लावलं, हातातल्या घड्याळावर वेळ घेतली. प्रत्येकाला दहा झेल दिले. वहीत तक्ता आखला. अगदी इंडियानापोलिस!

माझा रूम पार्टनर पळण्यात शेवटचा आला. झेल सहा घेतले. त्याच्यापेक्षा बरे अकरा होतेच. बाकीच्या दोघांनी बाहेर राहावं लागताच आरडाओरडा केला, ‘मला घ्यायलाच पाहिजे’ म्हणाले. हा काहीच बोलला नाही. रात्री खोलीवर मी त्याला म्हटलं, ‘तसं तुझं फारसं मनावर नसतंच ना?’ तो म्हणाला, ‘ठीक आहे रे.’ आणि पुस्तक उघडून बसला.

सामन्याच्या सकाळी उठलो तर टेबलावर टेप गुंडाळलेले सहा चेंडू ओळीनं ठेवलेले. टेपची एक सुरकुती नाही. हा लायब्ररीत निघून गेला होता.

आम्ही सामना जिंकलो. त्यामुळे आपलं बरोबरच होतं, असं मला वाटलं. ऑक्टोबरमध्ये तो दुसऱ्या खोलीवर राहायला गेला. ‘लायब्ररी जवळ पडते,’ म्हणाला. भांडण नाही, तंटा नाही. भेटलो की हसायचो.

वर्षभर दर शनिवारी पार्किंगमध्ये सगळ्यांत आधी येऊन खडूनं क्रीज कोण आखत होतं? आदल्या रात्री चेंडूंना टेप कोण लावत होतं? मी त्याच खोलीत राहत होतो, सगळं रोज बघत होतो. माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता! त्यानं मोठ्यानं मागितलं नाही, म्हणून त्याला नको आहे, असा माझा सरळ हिशेब होता.

३ फेब्रुवारी २००२. मी तेव्हा न्यू जर्सीत नोकरी करत होतो. न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल चालू होता. समोर सेंट लुईस रॅम्स, त्यांचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर. (हा तर ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. एके काळी तो आयोवातल्या एका दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचा!) गुण १७-१७. घड्याळात दीड मिनिटसुद्धा शिल्लक नाही. ब्रेडीनं घाई न करता एकेक छोटा चेंडू देत संघ पुढं नेला, आणि शेवटच्या लाथेवर पेट्रियट्स २०-१७ असे जिंकले. मी उठून उभा राहिलो, ओरडलो, आणि मग एकदम गप्पच झालो. सिराक्यूजच्या सामन्यातला तो जल्लोष आठवला.

दोन दिवसांनी इकडून तिकडून रूम पार्टनरचा नंबर मिळवला. तो कॅलिफोर्नियात होता. मिशिगन, आजोबा, ब्रेडी, हेन्सन अशा गप्पा झाल्या. तो हसून म्हणाला, ‘मी तर तेव्हाही ब्रेडीच म्हणत होतो. तुम्ही ऐकत कुठं होता?’ मला ते आठवेना. म्हणाला असेलही. मग मी जरा थांबून त्या सामन्याचा विषय काढला. चेंडूंचा काढला.

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, ‘मला खेळायचं होतं रे.’

मी म्हटलं, ‘माहीत आहे.’

तेव्हा माहीत नव्हतं.